टीएसएच नॉर्मल आहे, मग मी एवढी का थकते?

पत्र

मी २८ वर्षांची आहे. नऊ वर्षांची असताना मला मेड्युलोब्लास्टोमा (लहान मेंदूतली कॅन्सरची गाठ) झाला होता. ऑपरेशन करून गाठ काढली, मग डोक्याला आणि पाठीच्या कण्याला रेडिएशनचे शेक दिले, नंतर केमो झाली. ऑपरेशननंतर दोनदा आकडी आली होती, पुढे कधी आली नाही. अकराव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत रोज रात्री ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन घ्यायचे. उंची वाढायची थांबली तसं तेही बंद झालं. कॅन्सरच्या डॉक्टरांनी नंतर "आता यायची गरज नाही" असं सांगितलं, तेव्हा घरी सगळे रडले होते, आनंदाने.

गेली तीन-चार वर्षं मात्र अंगात त्राण नाही. दहा तास झोपले तरी उठवत नाही. नावं पटकन आठवत नाहीत, हिशोब करायला वेळ लागतो. पोटाचा घेर वाढतोय, हातपाय मात्र काडीसारखे. पाळी गोळ्या घेतल्या तरच येते. मागच्या वर्षी साधा ताप आला, उलट्या झाल्या आणि बीपी इतकं उतरलं की दोन दिवस सलाइन लावावं लागलं. तीन डॉक्टर झाले. प्रत्येकाने टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करायला सांगितलं, प्रत्येक वेळी नॉर्मल. टेन्शन घेऊ नका, वजन कमी करा, एवढंच ऐकलं. आई म्हणते, लहानपणी फार लाड झाले त्याचा हा परिणाम. भावाच्या जिममधला एक जण ग्रोथ हार्मोनच्या बाटल्या मिळवून देतो म्हणतोय. घेऊ का? पण आता उंची थोडीच वाढणार आहे, मग ते घेऊन काय उपयोग? काकू म्हणते, ते इंजेक्शन मेलेल्या माणसाच्या मेंदूतून काढतात, त्याने वेड लागतं. त्याने कॅन्सर परत येईल का? आणि मला मूल होऊ शकेल का? रिपोर्ट सोबत जोडले आहेत. कृपया नाव छापू नका.

उत्तर

तुम्ही जोडलेले सगळे कागद पाहिले आणि एका कागदावर थांबले. मागच्या वर्षीच्या तापातला रक्ताचा रिपोर्ट. सोडियम १२८. शेजारी कुणीतरी पेनने लिहिलंय, "उलट्यांमुळे". उलट्यांनी सोडियम उतरतं, हे खरं. १३५ ते १४५ हवं, ते १२८ झालं. पण लहानपणी डोक्याला शेक घेतलेल्या मुलीचं साध्या तापात बीपी कोसळतं आणि सोडियम एवढं खाली येतं, तेव्हा आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता: हिच्या शरीरात कॉर्टिसॉल (आजारपणात बीपी सांभाळणारं हार्मोन) पुरेसं तयार होतंय का? तुमच्या एवढ्या कागदांत कॉर्टिसॉलची तपासणी एकदाही नाही. म्हणून ग्रोथ हार्मोनचं नंतर बोलू. आधी हे.

याच आठवड्यात सकाळी आठच्या सुमारास रक्त देऊन कॉर्टिसॉल करून घ्या. वेळ महत्त्वाची आहे, कारण ते पहाटेपासून चढतं आणि दिवसभर उतरत जातं. दुपारी चारच्या आकड्यावरून काही कळत नाही. सकाळचं कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आलं तर कमतरता जवळजवळ नक्की. १५ च्या वर आलं तर बहुधा ठीक. मधे कुठे आलं तर एसीटीएच (कॉर्टिसॉल तयार करायला लावणारं हार्मोन) स्टिम्युलेशन टेस्ट करतात: इंजेक्शन देऊन अर्ध्या तासाने आणि एक तासाने पुन्हा रक्त घेतात. प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी असते, त्यामुळे हे आकडे थोडे पुढेमागे होतात. अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या.

तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. पाळीसाठी तुम्ही ज्या गोळ्या घेता त्यात इस्ट्रोजेन आहे. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात कॉर्टिसॉल वाहून नेणारं प्रथिन वाढतं. आपल्या नेहमीच्या तपासणीत या प्रथिनाला चिकटलेलं कॉर्टिसॉलही मोजलं जातं. त्यामुळे आकडा फुगतो. गोळ्या चालू असताना १६ आलं म्हणून निर्धास्त होता येत नाही. उलट, गोळ्या चालू असूनही कमी आलं तर शंकेला जागा उरत नाही. म्हणून आता आहे त्या स्थितीत तपासणी करा, थांबू नका. आकडा चांगला दिसला तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या साधारण सहा आठवडे बंद ठेवून पुन्हा करावी लागेल. दम्याचा स्टेरॉइड पंप, सांध्यातलं इंजेक्शन, त्वचेवर लावायचं स्टेरॉइडचं मलम, यातलं काही चालू असेल तर तेही सांगा. त्यानेही शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल दबतं.

रिपोर्ट येईपर्यंत, आणि कमतरता निघाली तर कायमच, एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. ताप आला आणि उलट्या होऊन पोटात काही टिकत नसेल, गरगरत असेल, झापड येत असेल, तर घरी बसून वाट पाहायची नाही. थेट कॅज्युअल्टीत जायचं आणि पहिल्या वाक्यात सांगायचं: "लहानपणी मेंदूला रेडिएशन झालंय, कॉर्टिसॉल कमी असण्याची शंका आहे." अशा वेळी डॉक्टर रिपोर्टसाठी अडून राहत नाहीत. शक्य झालं तर रक्त काढून ठेवतात आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची जागा घेणारं औषध) देतात. मोठ्या माणसाला सुरुवातीला १०० मिलिग्रॅम. मागच्या वर्षी तुम्ही सलाइनवर निभावून गेलात. पुढच्या वेळी नशिबावर सोडू नका.

आता हे सगळं कुठून आलं ते सांगते. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. थायरॉइडला, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, बीजकोशांना कामाला लावणारी हार्मोन्स तिच्यातून निघतात, आणि ग्रोथ हार्मोनही. तिला आदेश देतो तिच्या वरचा हायपोथॅलॅमस. तुमची गाठ होती लहान मेंदूपाशी, म्हणजे पिट्युटरीपासून बरीच मागे. पण मेड्युलोब्लास्टोमाच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून पसरू शकतात, म्हणून शेक फक्त गाठीच्या जागेला देऊन भागत नाही. अख्खा मेंदू आणि अख्खा कणा घ्यावा लागतो. हा डोस साधारणपणे २३.४ किंवा ३६ ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) असतो, आणि गाठीच्या जागेला वाढवून एकूण ५४ ग्रेच्या आसपास नेतात. त्या उपचाराने तुमचा जीव वाचला. त्याच शेकांच्या वाटेत हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीही होत्या.

शेकांना सगळ्यांत आधी बळी पडतं ते ग्रोथ हार्मोन. हायपोथॅलॅमस-पिट्युटरीला १८ ग्रे किंवा त्याहून जास्त डोस मिळाला की त्याचा धोका वाढतो, आणि डोस जास्त असेल तर नुकसान लवकर दिसतं. अकराव्या वर्षी तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं. ३० ग्रेच्या वर गेलं की थायरॉइडला, अ‍ॅड्रिनलला आणि बीजकोशांना चालना देणारी हार्मोन्सही कमी होऊ शकतात, आणि ती एकदम कमी होत नाहीत. पाच, दहा, पंधरा वर्षांनी एकेक करून खाली येतात. विसाव्या वर्षी सगळं ठीक होतं म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षी ठीक असेलच असं नाही. "आता यायची गरज नाही" हे कॅन्सरच्या बाबतीत बरोबर असेल. हार्मोन्सच्या बाबतीत तुमच्यासारख्यांनी आयुष्यभर, निदान वर्षातून एकदा, तपासणीला जायला हवं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. लहान मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना अशी कितीतरी मुलं-मुली मधल्या मधे सुटतात.

आता टीएसएच. तीन वेळा केलंत, तिन्ही वेळा २ च्या आसपास. थायरॉइड ग्रंथीच बिघडली असेल तर पिट्युटरी टीएसएच वाढवते आणि रिपोर्टमध्ये ते लगेच दिसतं. बहुतेक लोकांसाठी म्हणूनच ही तपासणी पुरेशी असते. पण टीएसएच तयार करते पिट्युटरी. तीच दुखावलेली असेल तर थायरॉइडचं हार्मोन कमी पडत असतानाही टीएसएच वाढत नाही. नॉर्मल दिसतं, कधी थोडं कमी, कधी किंचित जास्तसुद्धा. अशा माणसात टीएसएचवरून निर्णय घेताच येत नाही. फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं खुद्द थायरॉइडचं हार्मोन, पाहावं लागतं. तुमच्या एकाही रिपोर्टमध्ये ते नाही. त्यात तुमच्या कण्याला शेक देताना गळ्यातल्या थायरॉइडलाही थोडे किरण लागले असणार, म्हणजे ग्रंथी स्वतःही कमजोर असू शकते. दोन्हीकडून बिघाड असेल तर टीएसएच आणखीच फसवं ठरतं. किरण लागलेल्या थायरॉइडमध्ये पुढे गाठी होण्याचा धोका असतो, म्हणून दरवर्षी डॉक्टरांकडून गळा तपासून घेत जा.

फ्री टी-फोर कमी आलं आणि कुणी लगेच थायरॉक्सिनची (थायरॉइड हार्मोनची) गोळी लिहून दिली, तर ती गिळण्याआधी कॉर्टिसॉलचा रिपोर्ट हातात असू द्या. हे मी मुद्दाम ठासून सांगते आहे. थायरॉक्सिनमुळे शरीराची गती वाढते आणि आहे ते कॉर्टिसॉलही लवकर संपतं. आधीच तुटवडा असेल तर माणूस कोसळू शकतो. कॉर्टिसॉल कमी असेल तर आधी हायड्रोकॉर्टिसोन सुरू करतात, मग थायरॉक्सिन. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. हायड्रोकॉर्टिसोन सुरू झालं तर ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट कसा करायचा, उलट्या होत असतील तर इंजेक्शन कसं द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. भावाला बाटल्यांची धावपळ करायचीच असेल, तर ते इंजेक्शन द्यायला शिकू दे.

त्या जिमच्या बाटल्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. त्या बाटलीत नक्की काय आहे, कुठे ठेवली होती, कुणी भरली, यातलं काहीच कळायला मार्ग नाही. पण ती अगदी अस्सल असली तरी नाहीच. शरीर कमावण्यासाठी लोक जे डोस टोचून घेतात ते उपचाराच्या डोसच्या कितीतरी पट असतात. त्याने साखर वाढते, अंगावर सूज येते, सांधे धरतात. आणि तुमच्या बाबतीत त्याहून वाईट गोष्ट म्हणजे ग्रोथ हार्मोन सुरू झालं की शरीरात निष्क्रिय कॉर्टिसोनपासून कॉर्टिसॉल बनण्याचं काम मंदावतं. ज्याचं कॉर्टिसॉल काठावर असतं, त्याची कमतरता त्यामुळे उघडी पडते. तपासणी न करता घेतलेलं ते इंजेक्शन तुम्हाला पुन्हा सलाइनवर नेऊ शकतं.

ग्रोथ हार्मोनचा तुमचा प्रश्न मात्र योग्यच आहे. पत्रात तुम्ही लिहिलंय, "आता उंची थोडीच वाढणार आहे, मग ते घेऊन काय उपयोग?" बरेच डॉक्टरही असंच समजतात. उंची वाढून झाल्यावरही शरीराला हे हार्मोन लागतं. स्नायू टिकवायला, पोटावरची चरबी आटोक्यात ठेवायला, हाडं भक्कम राहायला, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवायला. ते नसलेल्या मोठ्या माणसाचं वर्णन तुमच्या पत्रातल्या तीन ओळींत आलंय: पोटाचा घेर वाढलेला, हातपाय बारीक, अंगात त्राण नाही. पंधराव्या वर्षी इंजेक्शन थांबवलं तेव्हा, निदान महिनाभराने, पुन्हा तपासून पाहायला हवं होतं. रेडिएशनमुळे झालेली कमतरता सहसा भरून येत नाही, आणि पंधरा ते पंचवीस ही तर हाडं भरण्याची वर्षं. तुमची हाडांची घनता म्हणजे डेक्सा स्कॅन कधी झालेला दिसत नाही. तोही यादीत घ्या.

तपासणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे फार गोंधळ होतो. कुणी "रँडम ग्रोथ हार्मोन" करायला सांगितलं तर ते करू नका. हे हार्मोन झटक्याझटक्याने सुटतं, मुख्यतः गाढ झोपेत; धडधाकट माणसाचंही दिवसा शून्याजवळ येऊ शकतं. आयजीएफ-वन (ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात तयार होणारा पदार्थ) नावाची तपासणी करतात, ती उपयोगी आहे, पण रेडिएशन झालेल्यांमध्ये ते नॉर्मल आलं तरी कमतरता असू शकते. २०१८ साली एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेने लहानपणी कॅन्सर झालेल्यांसाठी खास मार्गदर्शक सूचना काढल्या. निव्वळ आयजीएफ-वनवर विसंबू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. खात्रीसाठी उत्तेजन चाचणी लागते, म्हणजे औषध देऊन ग्रोथ हार्मोन किती वर जातं ते पाहायचं. सर्वांत जुनी आणि भरवशाची चाचणी इन्शुलिनची. तिच्यात साखर ४० मिलिग्रॅमच्या खाली उतरवतात. तुम्हाला ती नको. तुम्हाला दोनदा आकडी आलेली आहे, हे डॉक्टरांना न विसरता सांगा. तुमच्यासाठी ग्लुकॅगॉनची चाचणी बरी: एक इंजेक्शन, मग तीन-चार तास दर अर्ध्या तासाने रक्त. मळमळतं, पण धोका कमी. जीएचआरएच (पिट्युटरीला ग्रोथ हार्मोन सोडायला लावणारं हार्मोन) आणि आर्जिनिनची चाचणी तुमच्यासारख्यांमध्ये फसवते. तिच्यात पिट्युटरीला थेट ढकलतात, आणि तुमचा बिघाड वर हायपोथॅलॅमसमध्ये असेल तर पिट्युटरी त्या धक्क्याने छान उत्तर देते. रिपोर्ट नॉर्मल येतो, माणूस आजारीच राहतो.

ग्रोथ हार्मोनची उत्तेजन चाचणी कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दुरुस्त झाल्यावर करायची; त्याआधी केली तर तिचा अर्थ लागत नाही. आणि पिट्युटरीची बाकीची तीन हार्मोन्स कमी निघाली तर बऱ्याचदा ग्रोथ हार्मोनसाठी वेगळ्या उत्तेजन चाचणीची गरजच राहत नाही.

कमतरता ठरली तर मोठ्या माणसाचा डोस लहान मुलांपेक्षा बराच कमी असतो. तिशीच्या आतल्यांना साधारण ०.४ ते ०.५ मिलिग्रॅम रोजचा, मग दर एक-दोन महिन्यांनी आयजीएफ-वन पाहून कमी-जास्त करतात. काही देशांत आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही आलंय. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे या औषधाचा परिणाम कमी होतो आणि डोस वाढवावा लागतो. म्हणून पाळीच्या गोळ्यांऐवजी इस्ट्रोजेनचा पॅच चालेल का, हे विचारून घ्या. घोट्यांवर सूज, सांधेदुखी, रात्री हाताला मुंग्या येणं म्हणजे डोस जास्त झाल्याची चिन्हं. कळवा, बहुतेकदा डोस उतरवला की जातात. साखरेवर लक्ष ठेवावं लागेल.

फायदा किती होईल? पोटावरची चरबी कमी होते, स्नायू वाढतात, कोलेस्टेरॉल सुधारतं, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. हाडांना दोनेक वर्षं लागतात. पहिल्या काही महिन्यांत घनता थोडी कमी झालेली दिसली तर घाबरू नका. उत्साह आणि थकवा यांचं मात्र माणसागणिक वेगळं असतं. ज्यांना आधी फार त्रास होता त्यांना जास्त फरक जाणवतो, काहींना काहीच नाही. सहा महिने ते वर्षभर घेऊन पाहायचं आणि मग डॉक्टरांबरोबर बसून प्रामाणिकपणे ठरवायचं. तुम्ही लिहिलंय की नावं पटकन आठवत नाहीत, हिशोब करायला वेळ लागतो. त्यातला काही भाग शेकांचा मेंदूवर झालेला थेट परिणाम असू शकतो आणि तो कोणत्याही हार्मोनने पूर्ण जाणार नाही. खोटी आशा लावायची नाही म्हणून हे आत्ताच सांगते. त्याचवेळी थायरॉइडची कमतरताही डोकं मंद करते, आणि ती दुरुस्त होते.

आता तुमची मोठी भीती. कॅन्सर परत येईल का? ग्रोथ हार्मोन पेशींना वाढवतं, तेव्हा ही शंका डॉक्टरांनाही सुरुवातीपासून होती. म्हणूनच लहानपणी कॅन्सर झालेल्या हजारो जणांची अनेक वर्षं नोंद ठेवली गेली. उपचार घेतलेल्यांमध्ये मूळ कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. दुसऱ्या गाठींचं, विशेषतः मेंदूच्या आवरणातल्या मेनिंजिओमाचं, प्रमाण थोडं वाढतं असं आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं. नंतरच्या विश्लेषणांत तो फरक टिकला नाही. मेनिंजिओमाचा मोठा धोका खुद्द रेडिएशनमुळेच असतो, इंजेक्शन घ्या किंवा घेऊ नका. कॅन्सर चालू असताना हे औषध देत नाहीत. तुम्हाला उपचार संपून बरीच वर्षं झाली आहेत. तरीही सुरू करण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांचं मत आणि एक ताजा एमआरआय हवाच.

तुमच्या काकूंनी म्हणे सांगितलं, "ते इंजेक्शन मेलेल्या माणसाच्या मेंदूतून काढतात, त्याने वेड लागतं." काकूंनी हे हवेतून आणलेलं नाही. १९५८ पासून खरोखरच मृतांच्या पिट्युटरीतून काढलेलं ग्रोथ हार्मोन देत असत. १९८५ मध्ये ते घेतलेल्या काहींना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा रोग झाल्याचं उघड झालं आणि ते बंद करण्यात आलं. त्याच वर्षी प्रयोगशाळेत जनुकतंत्राने बनवलेलं ग्रोथ हार्मोन आलं. तुम्ही लहानपणी घेतलं ते हेच, आणि आज मिळतं तेही हेच. काकूंना हे नक्की सांगा.

मूल होण्याबद्दल आज हो किंवा नाही म्हणता येणार नाही, पण उत्तर कुठे आहे ते सांगते. पाळी दोन कारणांनी थांबू शकते. पिट्युटरीकडून बीजकोशांना निरोपच जात नसेल, तर एफएसएच आणि एलएच (बीजकोशांना चालना देणारी पिट्युटरीची हार्मोन्स) कमी किंवा नॉर्मल येतात, इस्ट्रोजेन कमी. केमोने किंवा कण्याच्या खालच्या भागाला दिलेल्या शेकांनी बीजकोशच थकले असतील तर एफएसएच वाढलेलं येतं आणि एएमएच (बीजकोशांत किती बीजं उरलीत त्याचा अंदाज देणारं हार्मोन) घसरलेलं. पहिल्या प्रकारात इंजेक्शनांनी बीज तयार करता येतं आणि अनेकींना स्वतःचं मूल होतं. दुसऱ्या प्रकारात वेळ हातातून निसटत असते. म्हणून लग्न ठरलंय की नाही याची वाट न पाहता वंध्यत्वतज्ज्ञांना आत्ताच भेटा. पाळीच्या गोळ्या चालू असताना या तपासण्याही चुकीचं चित्र दाखवतात. कॉर्टिसॉलसाठी गोळ्या बंद कराल त्याच काळात या करून घ्या. पुढे ग्रोथ हार्मोन चालू असताना दिवस राहिले तर ते सहसा थांबवतात.

जुनी फाइल शोधून काढा. घरी नसेल तर जिथे उपचार झाले तिथल्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करा. नुसती डिस्चार्ज समरी घेऊन येऊ नका. रेडिएशनचा कागद मागा, ज्यावर मेंदूला आणि कण्याला किती ग्रे दिले ते लिहिलेलं असतं, आणि केमोच्या औषधांची नावं व एकूण डोस. सिस्प्लॅटिन नावाचं केमोचं औषध दिलं असेल तर कानांची तपासणी लागेल. एवढे कागद घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे) जा, आणि "मला थकवा येतो" अशी सुरुवात करू नका. थकवा हजार कारणांनी येतो, आणि त्या शब्दावर डॉक्टर टीएसएच आणि हिमोग्लोबिन लिहून मोकळे होतात. "नवव्या वर्षी मेंदूला आणि कण्याला रेडिएशन झालं, पंधराव्या वर्षी ग्रोथ हार्मोन बंद केलं, त्यानंतर पिट्युटरी कुणी तपासली नाही," असं म्हणा.

आईंना हे उत्तर वाचायला द्या. आई, तुमच्यासाठी दोन ओळी. तुम्ही नऊ वर्षांच्या लेकीला ऑपरेशन, शेक आणि केमो यांतून पार नेलंत. त्यानंतर ती बरी झाली असं मानणं साहजिक आहे, तसं मानल्याशिवाय जगताच आलं नसतं. पण ती आज सकाळी उठत नाही ती तुमच्या लाडांमुळे नाही. कॉर्टिसॉलच्या तपासणीला तिच्याबरोबर जा. तिच्या लहानपणच्या उपचारांच्या तारखा, औषधं, कोणत्या महिन्यात काय झालं, हे तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त आठवत असेल. डॉक्टरांना त्याची गरज लागेल.

रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा. कॉर्टिसॉल कमी आलं तर मात्र माझ्या उत्तराची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.